पहाऱ्यावरचा धनेश

दोष घोरपडीचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी "दोघांचंही थोडंथोडं चुकलं" असं म्हणून हात झटकतात. तसं काही नव्हतं. घोरपडीने सगळं ठरवून केलं. आणि त्यासाठी तिला जे शब्द लागले ते राईतल्या म्हाताऱ्यांनी पुरवले, वर्षानुवर्षं जपून ठेवलेले. धनेश साधा होता. साधं असणं हा गुन्हा नाही. पण चोच त्याची होती, तेही विसरायचं नाही.

तर डोंगराच्या पोटाशी एक जुनी राई होती आणि तिथल्या बेहड्याच्या झाडावर हा धनेश राहत असे. मोठी वाकडी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा, आणि उडताना पंखांचा असा आवाज की खाली चरणारे ससे दचकून वर बघत. बाकी त्याच्यात विशेष काही नव्हतं. उंबरं आणायची, बायकोला भरवायची, पुन्हा उंबरं आणायला जायचं.

धनेशांची रीत तुम्हाला माहीत नसेल तर ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद करतात. नर चोचीतून चिखल आणून देतो, मादी आतून लिंपते. वाळल्यावर ती भिंत दगडासारखी होते. चोचीचं टोक बाहेर निघेल एवढी एक उभी फट तेवढी ठेवतात. आत मादीची पिसं गळून पडतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर तिचं आणि पिल्लांचं पोट नराने फटीतून भरायचं. नर आला नाही तर आतले सगळे उपाशी मरतात. भिंत फुटली तर त्याच्याही आधी मरतात.

बेहड्यासमोर एक सातवीण होती. तिच्या ढोलीत दुसऱ्या धनेशाची बायको अशीच भिंतीआड बसलेली होती. या दोन शेजाऱ्यांनी आपसात पहारा वाटून घेतला होता. एक जण ओढ्याकाठच्या उंबराकडे गेला की दुसरा दोन झाडांच्या मधल्या फांदीवर बसे. दोन्ही ढोल्यांवर त्याची नजर असे. कोणी खोडावर चढू लागलं की वरून झेप घेऊन चोचीने असा टोला हाणायचा की ते खाली पडलंच पाहिजे. पहिला परत आला की दुसरा निघे.

"पहारा तुझा," जाणारा म्हणे.

"माझा," बसणारा म्हणे. "आणि लवकर ये. मागच्या खेपेला उंबरावर झोप काढलीस का?"

"तुझ्या वहिनीला पिकलेलीच लागतात रे! हुडकावी लागतात!"

"मी ऐकतेय हं," सातविणीच्या फटीतून आवाज येई. मग दोघे हसत. इतकं सरळ चाललं होतं.

त्याच दिवसांत कुठूनशी एक घोरपड राईत आली. खोडाला चिकटून बसली की सालीचाच भाग वाटे. जीभ तेवढी बाहेर येई, दोन टोकांची, आणि आत जाई. आल्या आल्या तिने दोन्ही ढोल्या पाहिल्या. एकदा बेहड्यावर चढायला गेली, तर शेजाऱ्याने एका टोल्यात तिला पाचोळ्यात पाडली. ती उठली, अंग झटकलं, आणि म्हणाली, "चुकलं माझं, भाऊ. नवी आहे मी." पुन्हा तिने तसा प्रयत्न केला नाही. तिला कळून चुकलं होतं की हे दोघे एकमेकांसाठी बसताहेत तोवर आपलं पोट भरायचं नाही.

मग ती म्हाताऱ्यांकडे गेली.

राईच्या कडेला एक वठलेला ऐन होता. त्यावर म्हातारे धनेश दिवसभर बसून असत. पहारा त्यांना झेपत नव्हता, उंबरं आणणं झेपत नव्हतं, पण बोलणं झेपत होतं. राईतल्या या दोघा तरुणांना त्यांचं ऐकायला वेळ नसे. घोरपडीला वेळच वेळ होता. ती ऐनाच्या बुंध्याशी पडून राही, अधूनमधून एखादा भुंगा टिपी, आणि म्हणे, "मग? पुढे काय झालं, अण्णा?"

म्हाताऱ्याला आणखी काय हवं? त्याने सगळं सांगितलं. सातविणीची ढोली मुळात बेहड्यावरच्या धनेशाच्या आजोबांची. वाऱ्याकडे पाठ असलेली, प्रशस्त, राईतली सगळ्यात चांगली. ती शेजाऱ्याच्या आजोबांनी बळकावली. खरं म्हणजे धनेशाच्या आजोबांनी ती आपणहून सोडली होती, कारण तिच्यात मुंग्या झाल्या होत्या. म्हाताऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. पण मुंग्यांची गोष्ट कोण ऐकतं? बळकावल्याची ऐकतात. म्हणून ते बळकावल्याचीच सांगत.

या घोरपडीचं डोंगरावरच्या उघड्या सड्यापलीकडच्या राईत काय प्रकरण झालं होतं, तेही म्हाताऱ्यांच्या कानावर आलेलं होतं. धनेशाने एकदा त्यांना विचारलंही होतं, "अण्णा, ही कोण? काय खाते?"

"भुंगे खाते," अण्णा म्हणाले. "आणि मोठ्यांचं ऐकून घेते. तुमच्यासारखी नाही."

झालं, म्हाताऱ्यांचं काम तेवढ्यावर संपलं.

घोरपड आता धनेश पहाऱ्यावर असला की खाली येऊन बसू लागली. खोडापासून लांब, दिसेल अशी. पहिल्यांदा तिने फक्त विचारपूस केली. मग एकदा सहज म्हणाली, "भाऊ, राग नसेल तर एक विचारू? सातविणीची ढोली तुमच्या आजोबांची ना?"

"असं म्हणतात," धनेश म्हणाला.

"कोण म्हणतं? मोठी माणसं म्हणतात. मोठी माणसं खोटं कशाला बोलतील?"

 त्या दिवशी सातविणीकडे धनेशाने जरा जास्त वेळ पाहिलं.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "तुम्ही उंबराला गेलात की तुमचा शेजारी मधल्या फांदीवर नसतो. तुमच्या ढोलीपाशी बसतो. अगदी फटीला लागून. आता काय बोलत असतात, ते मला कसं ऐकू येणार? मी आपली खाली."

"तो तसा नाही, मावशी."

"मी कुठे म्हणते तसा आहे? जे दिसलं ते सांगितलं. नका मनावर घेऊ."

जे मनावर घेऊ नका म्हणून सांगतात ते मनावर घ्यावं म्हणूनच सांगतात. धनेशाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो उंबराकडे गेला आणि गळा अर्धवट भरूनच परत आला. शेजारी मधल्या फांदीवरच बसलेला होता. तरी धनेशाला वाटलं की हा आत्ताच इथे येऊन बसला असणार. एकदा मनात शिरलं की असंच होतं. दिसतं ते खोटं वाटतं आणि ऐकलेलं खरं.

मग घोरपडीने त्याला झाडाखाली बोलावलं. धनेश सहसा जमिनीवर उतरत नाहीत, त्यांचं सगळं आयुष्य फांद्यांवर जातं. बेहड्याच्या मुळाशी काय पडलंय, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. वाळलेल्या चिखलाच्या खपल्या पडल्या होत्या. त्याच्याच भिंतीच्या.

"ही माती कुठून आली, भाऊ?" घोरपड हळू आवाजात म्हणाली. "कोणीतरी भिंत खरवडतंय. तुम्ही नसताना."

धनेश थेट फटीपाशी गेला. पंखांच्या आवाजाने आत पिल्लू जागं होऊन ओरडू लागलं.

"कोण आलं होतं इथे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," बायको आतून म्हणाली. "काय झालं? आवाज असा का येतोय तुमचा?"

"भिंत खरवडली आहे कोणीतरी. शेजारी आला होता का?"

"भावोजी? ते कशाला भिंत खरवडतील? खरवडल्याचं मी ऐकलंय. पहाटे, तुम्ही दोघे पेंगत होतात तेव्हा. तो चोचीचा आवाज नव्हता. नखं होती ती. बारीक, हळूहळू. ओरडले तर थांबली."

"तू आत आहेस. तुला काय दिसतं?"

"दिसत नाही, ऐकू येतं," ती म्हणाली. "दिवसभर मला दुसरं काम काय आहे? नखं होती, अहो. धनेशाला अशी नखं नसतात."

बघा. तिने सांगितलं. सगळं, स्पष्ट, जितकं सांगता येण्यासारखं होतं तितकं. पण ती शेजाऱ्याची बाजू घेतेय, एवढंच धनेशाने ऐकलं. का घेतेय, हा प्रश्न मग घोरपडीला त्याच्या मनात घालावाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पहारा त्याचा होता. शेजारी निघताना म्हणाला, "पहारा तुझा."

धनेश म्हणाला, "माझा."

शेजारी क्षणभर थांबला. "बरं वाटत नाही का रे? येताना तुझ्यासाठी दोन जास्त आणतो." आणि तो उडाला. त्याच्या पंखांचा आवाज ओढ्याकडे विरत गेला.

घोरपड सातविणीच्या बुंध्याशी होतीच.

"मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण भाऊ, तुमच्या भिंतीला हात लागला. त्याच्या भिंतीला एक टोला बसला तर त्याला कळेल काय वाटतं ते. एकच. भिंत काय, पुन्हा लिंपता येते."

"आत वहिनी आहेत."

"आत तुमचीही बायको आहे. तिचा विचार कोणी केला?"

धनेश सातविणीच्या ढोलीपाशी उतरला. पंखांचा आवाज ऐकून फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, उंबर घ्यायला.

"आज लवकर आलात?" आतून आवाज आला. मग ती थबकली. "अगबाई, भावोजी का? चुकलात तुम्ही. तुमचं झाड पलीकडे."

त्याला थांबता आलं असतं. ही गोष्ट इथे संपू शकली असती, दोघे हसले असते, शेजारी दोन जास्तीची उंबरं घेऊन आला असता. त्याने टोला हाणला.

फटीतलं चोचीचं टोक झटकन आत गेलं. ती किंचाळली, पिल्लं ओरडू लागली. भिंतीला तडाही गेला नव्हता. आणि मग त्याने जे केलं ते घोरपडीने सांगितलेलं नव्हतं. भिंत कुठे कच्ची असते हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यात शेवटचा चिखल खालच्या कोपऱ्यात बसतो, तो नीट दाबला जात नाही. अशीच एक भिंत त्याने स्वतः बांधली होती. त्याने खालचा कोपरा धरला. एक टोला, आणखी एक, आणखी एक. तो मोजत नव्हता, ऐकत नव्हता. "भावोजी, भावोजी" असं ती म्हणत होती तेही नाही.

भिंत कोसळली. आत ती बसली होती, अर्धीमुर्धी पिसं फुटलेली, पंखाखाली दोन पिल्लं ओढून घेतलेली. ती त्याच्याकडे बघत होती. त्याला तेव्हा कळलं की आपण काय केलंय. पण तोवर घोरपड खोड चढून आली होती. खालच्या कोपऱ्याकडे तिने नीट निरखून पाहिलं.

"आता बाजूला हो," ती म्हणाली. तिने त्याला भाऊ म्हटलं नाही.

एका टोल्यात त्याला तिला खाली पाडता आलं असतं. पहारा त्याचा होता, तो त्यासाठीच होता. तो बाजूला झाला. मधल्या फांदीवर जाऊन बसला आणि सातविणीकडे पाठ केली. आवाज बंद होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

शेजारी परत आला तेव्हा घोरपड गेलेली होती. धनेश उंबरं गळ्यात साठवून आणतात आणि एकेक वर काढून फटीत देतात. शेजाऱ्याने भगदाड पाहिलं, आत पाहिलं, आणि तरीही सवयीने गळ्यातून एक उंबर काढून भगदाडाच्या कडेवर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. गळा रिकामा होईपर्यंत तो ठेवत राहिला. ती घरंगळून खाली पडत होती.

मग तो वळला. धनेशाच्या चोचीला वाळलेला चिखल लागलेला होता.

"पहारा तुझा होता," शेजारी म्हणाला.

तेवढंच. तो उडाला तो राईबाहेर. पुन्हा कोणाला दिसला नाही.

म्हाताऱ्यांची बैठक भरली. अण्णांनी घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं. पण दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवं. रागाच्या भरात होतं असं." मग धनेशाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "ढोली आता मोकळी आहे, पोरा. तुझ्या आजोबांची होती ती." लाज नावाची गोष्ट वयाबरोबर वाढते असं आपल्याला शिकवलं जातं. कुठे वाढते, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

धनेश बेहड्यावर आला. फटीतून आवाज आला, "पलीकडे काय झालं?"

"घोरपडीने ढोली फोडली."



"आधी चोचीचा आवाज आला," बायको म्हणाली. "नखांचा नंतर. त्या चोचीचा आवाज मी ओळखते. त्याच चोचीने तुम्ही मला चिखल आणून देत होतात."

 आत पिल्लू ओरडत होतं. त्याला भूक लागली होती.

आणि आता धनेशाच्या लक्षात आलं. उंबर ओढ्याकाठी. तिकडे जायचं तर ढोली उघडी पडणार. ढोलीपाशी बसायचं तर आतले उपाशी राहणार. खाली पाहिलं तर घोरपड बेहड्याच्या बुंध्याला चिकटून होती. सालीसारखी. त्याने झेप घेतली, टोला हाणला. ती पाचोळ्यात पडली, उठली, दोन हात लांब जाऊन बसली आणि जीभ बाहेर काढून आत घेतली.

"जा ना," ती म्हणाली. "भूक लागली असेल त्यांना."

तो गेला नाही. दिवस गेला, तो बसून राहिला. दुसरा दिवस उजाडला. पिल्लाचं ओरडणं बारीक होत गेलं. तो वठलेल्या ऐनाकडे बघून ओरडला, "अण्णा! थोडा वेळ इथे येऊन बसा. फक्त बसा. मी आलोच!"

"आमचं वय झालं रे," पलीकडून उत्तर आलं. "आणि ती घोरपड काही साधी नाही. सड्यापलीकडच्या राईत तिने एकही ढोली ठेवली नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आता जुन्या गोष्टी उकरून काय उपयोग?" अण्णा म्हणाले. सातविणीच्या ढोलीची गोष्ट जन्मभर उकरणारे अण्णा.

पिल्लाचा आवाज थांबला. मग पुन्हा आला, अगदी क्षीण.

"जायला हवं," धनेश फटीला तोंड लावून म्हणाला. "नाहीतर ते जगत नाही."

"जा," बायको म्हणाली. "पण बसणार कोण?"

"कोणी नाही."

"होता एक," ती म्हणाली.

तो उडाला. इतक्या जोरात तो आयुष्यात कधी उडाला नव्हता. पिकलं, कच्चं, काहीही न बघता गळ्यात भरलं आणि माघारी फिरला. अर्ध्या वाटेवरूनच त्याने कान लावला. पिल्लाचा आवाज येत नव्हता. बायकोचाही नाही.

भिंत फुटलेली होती. वरचा भाग जसाच्या तसा होता, फटही शाबूत होती. फक्त खालचा कोपरा नखांनी उकरून काढलेला होता, जिथे शेवटचा चिखल बसतो तिथे. ती जागा घोरपडीला कोणी दाखवली, ते त्याला कोणाला विचारावं लागलं नाही.

तात्पर्य : ज्याच्या भरवशावर घर सोडून जाता येतं, त्याच्याविरुद्ध कान भरायला कोणी आलं तर आधी विचारावं, तुझं पोट कशावर भरतं. म्हातारे जुनं भांडण सांगू लागले तर त्यांनाही विचारावं, यातलं तुम्ही गाळलंत काय. धनेशाने दोन्ही विचारलं नाही. त्याचा शेजारी गेला, बायको गेली, पिल्लू गेलं, आणि राईत दोन ढोल्या रिकाम्या झाल्या.